मिरचीला न लावलेला हात

माझ्या सासऱ्यांना कुठलीही गोष्ट हात लावल्याशिवाय कळत नाही. ते भेंडी घ्यायला उभे राहिले की भाजीवाला आधी टोपली मागे ओढतो. भिंतीवर 'रंग ओला आहे' अशी पाटी दिसली की रंग खरंच ओला आहे का हे बघितल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही, आणि मग पॅन्टला पुसलेला तो रंग काढत मी बसते. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते पहिल्यांदा मुलुंडला माझ्या माहेरी आले होते. चहा येईपर्यंत त्यांनी सोफ्याचं कापड, टीपॉयची कड आणि टीव्हीमागची वायर एवढं सगळं चाचपून पाहिलं. ते गेल्यावर आई म्हणाली, "माणूस चांगला आहे गं अनुपमा, पण झडती घ्यायला आल्यासारखा वागतो."

त्यांचं नाव सहदेव परब, घरात आम्ही त्यांना बाबा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढेमागे. नक्की त्यांनाही माहीत नाही, कारण शाळेत घालताना गुरुजींना जी तारीख सुचली ती लागली. वडील लालबागला गिरणीत होते. हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले, तो कारखाना बंद पडल्यावर मालाडला एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टची देखभाल करत राहिले, आणि आता दिंडोशीला आमच्याजवळ असतात. म्हणजे खरं तर आम्हीच त्यांच्याजवळ असतो, घर त्यांचं आहे. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेल्या. घरात ते, माझा नवरा सिद्धेश आणि मी.

आणि त्यांची मिरची. घरातल्या माणसांची नावं सांगताना मिरची सांगायची राहिली तर ते रागावतील.

ही मिरची कुडाळजवळच्या त्यांच्या गावातली. त्यांची आई लग्न होऊन मुंबईला आली ती पदराच्या गाठीत हे बी बांधून, आणि लालबागच्या खोलीबाहेर डालड्याच्या डब्यात तिने ते लावलं. मिरची बोटाएवढी, जाड सालीची, टोकाला जराशी वाकडी. पिकताना आधी जांभळट होते, मग लाल. खाताना काहीच वाटत नाही. घास खाली उतरला की मग कानामागून घाम फुटतो. मीठ-दह्यात मुरवून वाळवली की तिची सांडगी मिरची अशी होते की दहीभाताला दुसरं काही लागत नाही. मी मुलुंडची, गोडाच्या आमटीवर वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा पाण्याचा आख्खा तांब्या रिकामा केला होता आणि बाबा समोर बसून खूश होऊन बघत होते.

गावात ती आता कोणाकडेच उरलेली नाही. भावाने जमीन विकली, तिथे काजूची कलमं आली, शेजारीपाजारी बाजारातलं बी आणून लावतात. बाबांनी फोन करून करून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. कोणाकडे झाड नाही, बी नाही. म्हणजे ती मिरची जगात कुठे असेल तर आमच्या इमारतीच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत. "ह्या संपला म्हणजे आवस संपली," असं ते म्हणायचे. आवस म्हणजे आई. मला ते बोलणं जास्तीचं वाटायचं नाही. बाबांच्या आईचा, म्हणजे आजींचा, घरात एकच फोटो आहे, तोही कुठल्याशा कार्डावरून मोठा करून घेतलेला, आणि त्यात त्या कोणासारख्याही दिसतात. मिरची मात्र त्यांच्याच हातची होती.

रोज ऊन उतरलं की बाबा गच्चीवर जायचे. कठड्याला टेकून आधी डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, त्यावर नखभर चुना, मग अंगठ्याने सावकाश मळायची, दोन थापा मारायच्या, चिमूट ओठाखाली. हात झटकला की त्याच हाताने झाडांकडे वळायचे. एकही झाड सुटायचं नाही. पिवळं पान खुडायचं, शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, पानाची मागची बाजू बोटाने पुसायची म्हणजे माव्याची कीड बसत नाही. "झाडाक माणसाचो हात लागूक होयो," ही आजींची शिकवण. मला कौतुकही वाटायचं आणि तंबाखू बघून डोकंही फिरायचं. ह्या घरात आल्यापासून मी तंबाखूवरून त्यांच्याशी भांडते आहे. सिद्धेशने तर लहानपणीच हात टेकले होते.

गणपती होऊन गेले, पाऊस ओसरला, आणि एक दिवस मी कामावरून येते तोच ते जिन्यातच उभे.

"अनु, गो, जरा वर चल. पानांक काय झाला बघ."

मी गोरेगावातच एका प्रयोगशाळेत काम करते. पिकांवर पडणारे विषाणू हे माझं काम. त्यामुळे घरात कोथिंबीर सुकली तरी मलाच हाक येते. वर गेले तर पानांवर फिकट आणि गडद हिरव्याचे चट्टे पडले होते, कोवळी पानं अरुंद होऊन ताठरली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "चुरडा-मुरडा असेल. पानं आकसतात तो रोग, पांढरी माशी पसरवते."

"ह्यो चुरडो नाय. चुरडो माका कळता."

मागून सिद्धेश म्हणाला, "बाबा, टेन्शन कशाला घेता? घरात एक्स्पर्ट आहे ना!" आणि खाली मॅच बघायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक पान पिशवीत घालून मी प्रयोगशाळेत नेलं. आमच्याकडे चाचणीच्या पट्ट्या असतात, करोनात घरोघरी होत्या तशाच. पान कुटून त्याच्या पाण्यात पट्टी बुडवली आणि थोड्या वेळाने दोन रेघा आल्या. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा विषाणू. माणसाने ओळखलेला पहिला विषाणू हाच, आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवला होता. तंबाखूचं पान वाळवा, कुटा, पुडीत भरा, तो टिकून राहतो. आणि मिरची, टोमॅटो, वांगं ही तर तंबाखूच्या भाऊबंदांतलीच झाडं.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा आनंद झाला. इतकी वर्षं भांडत होते, आता हातात पुरावा होता. घरी जाऊन काय काय बोलायचं ते मी मनातल्या मनात घोकून ठेवलं. पण रिक्षात बसल्यावर मला त्यांचा तो हात दिसायला लागला, एकेका पानाच्या मागे फिरणारा, आणि घोकलेलं सगळं कडू झालं. त्यांना सांगायचं काय, तर तुमच्या आईची मिरची तुमच्या हाताने मरते आहे. दिंडोशीला उतरेपर्यंत मला ते कसं सांगायचं ते सुचलं नव्हतं.

चहा झाल्यावर सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि तळवा उलटासुलटा करून बघितला.

"काय तरीच. आवस मशेरी लायी ती? जन्मभर लायल्यान. तिच्या झाडांक काय झाला नाय."

ह्यावर मी गडबडणार असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "मशेरी भाजलेली असते बाबा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात. त्यात हा विषाणू उरत नाही. तुमची तंबाखू नुसती वाळवलेली."

"माझी पन काय आजची नाय."

"पुडी तीच आहे का?"

त्यांनी खिसा चाचपला. पुडी ती नव्हती. त्यांचे जुने दोस्त राजाराम काका हल्ली कुठल्याशा ओळखीच्या शेतातून पानाची तंबाखू आणून देत होते, आणि पावसाळ्याआधीपासून हे तीच मळत होते. त्या शेतात एखादं झाड आजारी असलं तरी पुरे होतं. मी राजाराम काकांना दोष देत नाही, त्यांनी प्रेमानेच दिली होती.

"बरा. हातसून पानावर गेलो," बाबा म्हणाले. "मगे आख्ख्या झाडात कसो गेलो? मी काय पानापानात घातलंय तेका?"

हा प्रश्न त्यांनी मला अडकवायला विचारला होता, पण तो माझा रोजचाच विषय होता.

"झाडाची एक पेशी म्हणजे एक खोली समजा," मी म्हटलं. "चारी बाजूंनी जाड भिंत. विषाणूला ती फोडता येत नाही. कोणीतरी ओरखडा काढेपर्यंत तो बाहेरच पडून राहतो. पानावर बारीक लव असते ना, तुम्ही बोटाने पुसलंत की त्यातली एखादी मोडते. तेवढी फट त्याला पुरते."

"एका खोलीत शिरलो. पुढे?"

"खोल्यांच्या भिंतींत बारीक दारं असतात. इतकी बारीक की आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही धड दिसत नाहीत. शेजारणीकडे वाटी पाठवावी तशी त्यांतून साखर, पाणी, निरोप इकडून तिकडे जातात. पण विषाणूला जायला ती फार अरुंद."

"मगे गेलो कसो तो?"

"तिथेच तर त्याची हुशारी. दार उघडणारा तो बरोबर आणत नाही. नुसती कृती घेऊन येतो, आणि पेशी बिचारी आपल्याच चुलीवर त्या कृतीप्रमाणे एक प्रथिन बनवते. ते प्रथिन भिंतीपाशी जातं, दार रुंद करतं आणि विषाणूच्या धाग्याला धरून पलीकडच्या खोलीत पोचवतं. तिथे पुन्हा तेच. असं करत करत तो पानाच्या शिरेपर्यंत गेला की मग शेंड्यापर्यंत जायला त्याला मोकळा रस्ता."

"झाड दार लावून घेणा नाय?"

"घेतं ना. दाराच्या तोंडाशी लिंपण घालतं. हे प्रथिन ते लिंपण काढायला लावतं."

"म्हणजे घरातलोच फितूर."

"हो."

"आनी तेका घरात हाडलो कोणी, तर मी."

सिद्धेशने टीव्हीचा आवाज कमी केला होता.

झाडांवर औषध नव्हतं. एकदा आत गेलेला हा विषाणू बाहेर निघत नाही, आणि झाडं ठेवली तर पुढच्या मिरचीलाही तिथूनच लागण होणार. उपटून, पिशव्यांत बांधून, माती आणि डब्यांसकट सगळं टाकायचं होतं. मी हातमोजे घेऊन गच्चीवर गेले तर बाबा आधीच तिथे.

"आता मी हात लावलंय तर चलात ना?" त्यांनी विचारलं.

चालणार होतं. आता काहीच बिघडणार नव्हतं. एकेक झाड त्यांनी स्वतः उपटलं, मुळांची माती हलकेच झटकून, जणू दुसरीकडे लावायला न्यायचंय. मला वाटलं होतं की ते रडतील. ते रडले नाहीत, मलाच खाली येऊन तोंड धुवावं लागलं.

मागच्या वर्षीचं बी सगळं पेरून संपलं होतं. उरलं होतं ते ह्याच आजारी झाडांवर पिकलेल्या मिरच्यांतलं. त्या काढून ठेवा म्हटल्यावर बाबा म्हणाले, "कित्याक? आजारी आवशीचा बी आजारीच ना?"

"नाही. ऐका ना. बी आईच्या पोटात वाढतं, पण आईच्या पेशींतून आतल्या कोंबाच्या पेशींत जायला दारच नसतं. सगळ्या झाडात दारं आहेत, तेवढ्या एका ठिकाणी नाहीत. कोंबाला खायला-प्यायला मिळतं ते भिंतीतून पाझरून. म्हणून हा विषाणू बहुतेक वेळा टरफलावरच अडकतो. टरफल धुतलं की आतलं बाळ चांगलं निघतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती व्यवस्था केली आहे. "दार नसता तेच बरा झाला म्हणायचा," ते म्हणाले, आणि मिरच्या काढायला सुरुवात केली.

प्रयोगशाळेतून मी एक पांढरी पूड आणली, तिच्या पाण्यात बी धुतलं, सुकवलं, दोन पुड्या केल्या. एक कपाटात ठेवली. दुसरीतलं बी नव्या मातीत, नव्या ट्रेमध्ये, आमच्याच गॅलरीत पेरलं. गॅलरीच्या दाराशी स्टुलावर साबण आणि दुधाच्या पावडरीचं दाट पाणी भरलेला वाडगा ठेवला. दुधातली प्रथिनं ह्या विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात, आमच्याकडे माळी झाडांना हात लावण्याआधी दुधात हात बुडवतात. आधी साबण, मग दूध, मग मिरची, असा नियम केला. बाबांना ह्याची गंमत वाटली. "देवाकसुदा येवढा दूध मी घालूक नाय," म्हणाले, आणि नियम अगदी सोवळ्यासारखा पाळायला लागले. रोपं आली. चार पानांची झाली. गॅलरीत बसून ते त्यांच्याशी बोलायचे, अर्थात दुधाचे हात वर धरून, पुजाऱ्यासारखे.

एक दिवस मी कामावरून आले तेव्हा ते माझ्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

"गो, माझ्या हातसून झाला."

दुपारी वारा सुटला होता. ते हॉलमध्ये तंबाखू मळत होते. गॅलरीत ट्रे कलंडल्याचा आवाज आला, एक रोप मातीसकट खाली पडलं, आणि हे धावले. ते उचलून लावलं, बाजूची तिरपी झालेली सरळ केली, माती दाबली. मग स्टुलावरचा वाडगा दिसला.

"पडला होता गो," ते म्हणाले. "पडलेला उचलूक नको?"

मी ओरडले. खूप ओरडले. एवढं एक काम तुम्हाला जमत नाही का, आईची मिरची म्हणता आणि एक दिवस हात आवरत नाही, सोडून टाका ना ती तंबाखू एकदाची! सिद्धेश मध्ये पडला, "अगं, बस ना आता, बाबांचं तोंड बघ." मी बघितलं आणि गप्प बसले, पण राग गेला नव्हता. मला अजूनही वाटतं की माझं ओरडणं चूक नव्हतं.

त्यांनी खरंच प्रयत्न केला. खिशात लवंग, वेलची, बडीशेप, काय काय ठेवलं. दोन-चार दिवस घरात सगळ्यांवर खेकसले, जेवण टाकलं, मग एका संध्याकाळी मला जिन्याच्या वळणावर दिसले, तळव्यावर अंगठा फिरत होता. मला बघून त्यांनी हात लपवला नाही.

"माका सोडूक जमाचा नाय," ते म्हणाले. "कित्याक खोटा बोलू? पन्नास वर्सां झाली. माझा मन ऐकता, हात ऐकणा नाय. तो कधी खिशात जाता माका कळणा पण नाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मला त्यांच्या तोंडाची काळजी होती आणि त्यांना मिरचीची, आणि दोघांचीही बाजू बरोबर होती.

रोपांवर चट्टे दिसायला लागले तेव्हा त्यांनीच मला दाखवले. सगळ्यांवर नव्हते. मी म्हटलं, चांगली दिसतात ती ठेवू, लक्ष ठेवू. ते म्हणाले, "नको. खयच्या खोलीत बसलो आसात तो, तुका तरी काय म्हाइत." तो ट्रेही गेला. आता कपाटातली एक पुडी उरली. मिरचीचं बी वर्षानुवर्षं थांबत नाही, लवकर पेरावं लागणार होतं, आणि हे फसलं तर पुढे काहीच नव्हतं.

जेवताना बाबा म्हणाले, "अनु, पुडी मुलुंडाक ने."

"म्हणजे?"

"तुझ्या आवशीकडे. थय तंबाखू नाय. गॅलरी पण चांगली आसा, ऊन येता."

सिद्धेशने घास हातात तसाच धरला. "बाबा, आणि तुम्ही?"

"मी हय आसय ना." ताटातली माशाची काटेरी बाजू त्यांनी वेगळी केली. "माझ्या हातात ऱ्हवली तर मरतली. तिच्या हातात ऱ्हवली तर जगतली. हेच्यात इचार करूचासारख्या काय आसा?"

मी कपाटातून पुडी काढून आणायला सांगितली तर बाबा उठले नाहीत. "तूच काढ. मी तेका हात लावणंय नाय."

माझी आई, सुहासिनी, फार टापटिपीची बाई आहे. तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांनाही रांग असते. आधी तिने "मिरची? आमच्याकडे तिखट खातं कोण?" असं विचारलं, पण सगळं ऐकल्यावर तिने आपली शेवंती जिन्यात नेऊन ठेवली आणि जागा करून दिली. बी मी पेरलं, पाणी आई घालायची. दर रविवारी मी पवईच्या ट्रॅफिकमधून मुलुंडला जायचे, हात धुऊन शेंडे खुडायचे, पानं पुसायचे. रोज आई फोटो पाठवायची आणि बाबा माझा फोन मागून घ्यायचे. दोन बोटांनी फोटो मोठा करायचे, पान न् पान सरकवून बघायचे. एकदा त्यांची बोटं काचेवर बराच वेळ फिरत होती. मी म्हटलं, "काय शोधताय?" तर म्हणाले, "काय नाय. पाठची बाजू दिसणा नाय."

रोपं वाढली. चट्टे नव्हते. फुलं आली, मिरच्या धरल्या. मी दोनदा पट्टी लावून बघितली, दोन्ही वेळा एकच रेघ. मिरच्या जांभळट व्हायला लागल्या तेव्हा आईने स्वतः फोन करून बाबांना जेवायला बोलावलं.

त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. नखं कापली होती. तंबाखूची डबी त्यांनी टीव्हीवर ठेवली आणि तशीच घरी सोडली. सकाळपासून त्यांनी चिमूटसुद्धा घेतली नव्हती, हे मला त्यांच्या गुडघ्याच्या हलण्यावरून कळत होतं. मला वाटलं, हे हात लावायला येतायत. मी मुलुंडला पोचल्याबरोबर साबण काढला, वाडग्यात दाट दूध केलं. गॅलरीचं जाळीचं दार सरकवून वाडगा आत स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, "या बाबा."

ते हॉलमधल्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची आईने मुद्दाम दारासमोर ठेवली होती. तिथून झाडं दिसत होती, कुंडीत उभी, मिरच्यांनी वाकलेली.

"तू जा," ते म्हणाले. "मी हयसून बघतंय."

"अहो, तुम्ही सकाळपासून तंबाखू खाल्लेली नाही. हात स्वच्छ आहेत. साबण लावा, दुधात बुडवा, मी समोर उभी आहे. काही होणार नाही."

"होवचा नाय. आनी झाला तर?"

"एका झाडाला लावा. कडेच्या. गेलं तर एक जाईल." मी, जी गेलं वर्षभर त्यांच्या हातावर पहारा देत होते, ती हे बोलत होते. मला खरंच वाटत होतं, जाऊ दे एक झाड, पण ह्यांचा हात लागू दे.

"एकाचा दुसऱ्याक जाता. तूच सांगलंस." त्यांनी हात मांड्यांखाली घातले. "दार ओढून घे. जाळी लाव."

मी जाळी ओढली. आई ओट्यापाशी उभी होती, तिने उगाचच भांडं पुसायला घेतलं. मी दुधाचे हात घेऊन पहिल्या झाडाशी गेले.

"शेंडो बघ," जाळीमागून आवाज आला. "खुडलंस?"

"खुडला."

"खालचा पिवळा पान काढ. हां. आता पाठची बाजू पूस. तसा नको, बोटान. हळू. देठाकडसून."

मी देठाकडून बोट फिरवलं. पान गार होतं, किंचित खरखरीत. मागे वळून बघितलं तर त्यांचा एक हात मांडीखालून बाहेर आला होता आणि गुडघ्यावर त्यांचं बोट माझ्या बोटाबरोबर, तितक्याच सावकाश सरकत होतं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, झाडाकडे होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात दुधाचे असल्यामुळे ते पुसताही येईना.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मगे आता बाजूचा घे."

मी बाजूचं घेतलं, मग त्याच्या बाजूचं. कुठे वाकायचं, कुठे दाबायचं, कुठे नुसताच हात ठेवून थांबायचं, ते सांगत राहिले आणि मी करत राहिले. आईने ताटं वाढल्याचं सांगितलं तरी ते उठले नाहीत. शेवटच्या झाडाला माझा हात लागला तेव्हा ते म्हणाले, "आता चल, जेवया," आणि हात धुवायला गेले.